फ्लोचार्ट काढला, पण तो खरा आहे का? ड्रॉ डॉट आयओवर कामाचा नकाशा काढणं आणि तपासणं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ड्रॉ डॉट आयओवर आपल्या व्यवसायाचा फ्लोचार्ट काढायला शिकलो. व्हिडिओत स्क्रीन भराभर पुढे जाते, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे सावकाश लिहून दिल्या आहेत. पण या लेखाचा मोठा भाग दुसऱ्या गोष्टीवर आहे: काढलेला फ्लोचार्ट तपासायचा कसा? सुबक फ्लोचार्ट वेगळा आणि खरा फ्लोचार्ट वेगळा. चुकीच्या नकाशावर विसंबून ऑर्डर घेतली, की नुकसान आपल्याच खिशातून जातं.

उदाहरण घेऊया घरगुती दिवाळी फराळाचं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तुम्ही ऑर्डर आणि पैसे बघता, स्वयंपाकघरात एक काकू आहेत, पॅकिंग आणि डिलिव्हरीला एक मुलगा आहे. तुमचं काम शिवणाचं असो, मोबाइल रिपेअरिंगचं असो की मंडप डेकोरेशनचं, पायऱ्या याच राहतील.

फ्लोचार्ट कशाला हवा?

एकटे काम करता तोवर सगळं डोक्यात मावतं. दुसरा माणूस कामावर आला, की तुमच्या डोक्यातलं त्याला दिसत नाही. मग दिवसभर "हे कोणी करायचं होतं?" एवढंच चालतं. कामाच्या पायऱ्या चित्रात मांडायची ही पद्धत जुनी आहे. १९२१ साली अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने ती अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली होती. आज मोठ्या कंपन्या बीपीएमएन नावाची चिन्हपद्धती वापरतात. तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. आपल्याला सुरुवातीला तिची गरज नाही. साधा फ्लोचार्ट पुरतो.

पायरी १: आधी कागद, मग कॉम्प्युटर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा.

- काम सुरू कधी होतं? (ग्राहकाचा मेसेज आला की.)
- काम संपतं कधी? (फराळ पोचला आणि सगळे पैसे आले की.)
- मध्ये कोणकोण हात लावतं? (ग्राहक, तुम्ही, काकू, डिलिव्हरीचा मुलगा.)

शेवट नीट ठरवा. बरेच जण "माल दिला" इथे थांबतात. माल दिला म्हणजे काम संपलं नाही. उरलेले पैसे आले, तेव्हा संपलं.

आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा: काम आत्ता जसं होतं तसंच काढायचं. कसं व्हायला पाहिजे, ते नंतर. आत्ता हिशेब चिठ्ठीवर होत असेल, तर चार्टमध्येही चिठ्ठीच आली पाहिजे. लाजायचं काही कारण नाही, हा कागद आपल्याच घरात राहणार आहे.

पायरी २: चार चिन्हं आणि एक बाण

- लंबगोल: सुरुवात आणि शेवट.
- आयत: एक काम. "दर कळवा", "चकली तळा", "लेबल लावा". आत क्रियापद पाहिजेच. नुसतं "पॅकिंग" लिहिलं, तर कोणी काय करायचं ते कळत नाही.
- डायमंड: प्रश्न. उत्तर "हो" किंवा "नाही" असं देता आलं पाहिजे.
- तिरपा चौकोन: आलेली किंवा गेलेली माहिती, जसं ऑर्डरचा मेसेज, बिल.
- बाण: पुढे काय.

एका आयतात एकच काम. "ॲडव्हान्स घ्या आणि काकूंना यादी द्या" ही दोन कामं आहेत. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं, असं रोज होऊ शकतं.

पायरी ३: ड्रॉ डॉट आयओवर काढा

हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि मराठीत टाइप केलेलं नीट दाखवतं.

१. नवीन कोरी आकृती उघडा. फाइल कुठे ठेवायची ते विचारेल. गुगल ड्राइव्ह किंवा तुमचा कॉम्प्युटर निवडा.

२. डाव्या बाजूला 'सर्च शेप्स'ची चौकट आहे. तिथे 'स्विमलेन' असं इंग्रजीत टाइप करा आणि प्रत्येक माणसासाठी एक पट्टा घ्या. आपल्याला चार पट्टे लागतील: ग्राहक, ऑर्डर-हिशेब, स्वयंपाकघर, पॅकिंग-डिलिव्हरी.

३. डावीकडच्या यादीतून चिन्ह ओढून ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात ठेवा. डबल क्लिक करून मजकूर लिहा.

४. चिन्हावर माऊस नेला की चार बाजूंना निळे बाण दिसतात. तिथून बाण ओढा आणि पुढच्या चौकटीची कड रंगीत झाल्यावरच सोडा. आधी सोडला, तर बाण जोडल्यासारखा दिसतो पण जोडलेला नसतो.

५. डायमंडमधून निघणाऱ्या प्रत्येक बाणावर डबल क्लिक करून "हो" किंवा "नाही" लिहा.

पट्ट्यांचा खरा फायदा असा, की बाण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जातो तिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. असे सगळे बाण लाल करून ठेवा.

आपला फराळाचा चार्ट साधारण असा होईल: ऑर्डरचा मेसेज → "त्या तारखेला जमेल का?" → दर कळवा → "ॲडव्हान्स आला का?" → वहीत नोंद → काकूंना यादी → पदार्थ बनवा → पॅक करा, लेबल लावा → "वजन आणि नग बरोबर आहेत का?" → डिलिव्हरी → "बाकी पैसे आले का?" → शेवट.

छान दिसतोय ना? आता तपासणीला लागूया. तीन फेऱ्या आहेत आणि एकही वगळायची नाही.

तपासणी, फेरी १: चित्राचं व्याकरण

ही फेरी काही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करतात. मायक्रोसॉफ्ट व्हिजिओच्या प्रोफेशनल आवृत्तीत 'प्रोसेस' टॅबवर 'चेक डायग्राम' हे बटण आहे. ते दाबलं की न जोडलेले बाण, एकट्या पडलेल्या चौकटी अशा चुकांची यादी येते. बिझागी मॉडेलरमध्ये 'व्हॅलिडेट' आहे. ड्रॉ डॉट आयओमध्ये तसं बटण नाही, म्हणून आपण हाताने तपासायचं:

- प्रत्येक चौकट थोडी हलवून बघा. बाण सोबत सरकला तर जोडलेला आहे; मागे राहिला तर सुटलेला आहे. मग कंट्रोल-झेड करून चौकट जागेवर आणा.
- सुरुवात एकच आहे का? प्रत्येक वाट कुठल्या तरी शेवटापर्यंत जाते का?
- प्रत्येक डायमंडमधून निदान दोन बाण निघतात का? दोन्हींवर उत्तर लिहिलंय का?
- मागे फिरणारा बाण असेल, तर त्या चक्रातून बाहेर पडायची वाट आहे का?

आपल्या चार्टमध्ये इथेच पहिली चूक सापडते. "ॲडव्हान्स आला का?" याचा "हो" बाण वहीकडे जातो, पण "नाही" बाणच नाही! नसलेला बाण म्हणजे न घेतलेला निर्णय. प्रत्यक्षात काय होतं? ग्राहक ओळखीचा असतो, "देते हो संध्याकाळी" म्हणतो आणि आपण यादीत नाव घालून टाकतो. समजा, सीझनमध्ये अशा ५ ऑर्डर रद्द झाल्या आणि प्रत्येक १,२०० रुपयांची होती. म्हणजे ६,००० रुपयांचा तयार माल अंगावर. तेव्हा हा "नाही" बाण काढताना ठरवावंच लागतं: किती दिवस थांबायचं, आठवण कोणी करायची, आणि कधी नाव काढायचं.

तपासणी, फेरी २: खऱ्या ऑर्डरी चालवून बघा

मागच्या सीझनच्या तीन ऑर्डरी मोबाइलमधून शोधा. एक सरळ पार पडलेली, एक मध्येच बदललेली ("दोन किलो चिवडा वाढवा"), आणि एक फसलेली. चार्ट प्रिंट करा. सुरुवातीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ती ऑर्डर जशी घडली तसं नाणं पुढे सरकवा. प्रत्येक चौकटीवर थांबून तीन प्रश्न विचारा:

१. हे कोणी केलं?
२. आपली पाळी आली हे त्याला कळलं कसं?
३. झाल्याची नोंद कुठे आहे?

बदललेल्या ऑर्डरचं नाणं बहुधा अडकतं. चिवडा वाढवल्याचा मेसेज तुमच्या मोबाइलवर आला, पण काकूंची यादी आदल्या रात्रीच गेली होती. चार्टमध्ये बदलासाठी वाटच नाही. मग तो बदल फोनवर, घाईत, तोंडी सांगितला जातो आणि वजनात नाही तर बिलात चूक होते.

"ॲडव्हान्स आला का?" या डायमंडवर तिसरा प्रश्न नीट विचारा. हे कशावरून ठरवता? ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून, की बँकेच्या ॲपमधल्या नोंदीवरून? स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. म्हणून डायमंडच्या आधी एक आयत घाला: "बँकेच्या ॲपमध्ये रक्कम बघा". एका आयतामुळे अख्ख्या सीझनचा घोर जातो.

तपासणी, फेरी ३: काम करणाऱ्याला वाचू द्या

ही सगळ्यात महत्त्वाची फेरी. चार्ट काकूंच्या हातात द्या आणि तुम्ही समजावून सांगू नका. त्यांनाच वाचून तुम्हाला सांगू द्या. वाचायला जड जात असेल तर तुम्ही चौकटी वाचून दाखवा, पण "असंच होतं ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. "याच्या आधी तुम्ही काय करता?" असं विचारा.

मग ऐकू येईल: "अहो, अनारसे गुरुवारी सांगून रविवारी कसे देणार? तांदूळच तीन दिवस भिजवावे लागतात."

बघा, इथे सगळा धडा आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सुकवून दळायचे, गूळ घालून पीठ काही दिवस मुरू द्यायचं. चकलीची भाजणी भाजून गिरणीतून दळून आणायची, आणि दिवाळीच्या तोंडावर गिरणीत रांग असते. चार्टमध्ये या सगळ्यासाठी एकच चौकट होती: "पदार्थ बनवा". बाण जोडलेले, डायमंडला दोन वाटा, सॉफ्टवेअरच्या लेखी चुका शून्य. तरीही त्या चार्टवर विसंबून तुम्ही रविवारचे अनारसे कबूल केले असते आणि शब्द मोडला असता.

सॉफ्टवेअर बाण जोडलेला आहे का ते सांगतं. तो बाण खरा आहे का, हे फक्त काम करणारा माणूस सांगू शकतो.

या फेरीनंतर आपला चार्ट बदलतो. "त्या तारखेला जमेल का?" याआधी आणखी एक डायमंड येतो: "ऑर्डरमध्ये अनारसे आहेत का?" हो असेल, तर "पीठ तयार आहे का, किंवा त्या तारखेपर्यंत होईल का?" हे काकूंना विचारूनच दर कळवायचा. स्वयंपाकघराच्या पट्ट्यात "भाजणी दळून आणा" ही वेगळी चौकट येते. हीच फेरी डिलिव्हरीच्या मुलासोबतही करा. "घरी कोणी नसलं तर बॉक्स कुठे ठेवायचा?" हा प्रश्न तोच विचारेल.

आता सुधारणा

तिन्ही फेऱ्या झाल्या, की ड्रॉ डॉट आयओमध्ये खालच्या टॅबवरून त्याच पानाची प्रत काढा. एका पानाचं नाव "आत्ता", दुसऱ्याचं "नवं". सुधारणा फक्त "नवं" मध्ये करा, आणि एका वेळी एकच. आधी ॲडव्हान्सचा नियम लावा, आठवडाभर बघा, मग पुढचा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पानाच्या कोपऱ्यात तारीख लिहा. 'फाइल' मेनूतून पीडीएफ काढा, प्रिंट घ्या आणि स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर चिकटवा. कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलेला चार्ट कोणाच्याच कामाचा नाही. जुनी प्रिंट मात्र आठवणीने काढून टाका. दोन वेगळे चार्ट भिंतीवर असणं हे चार्ट नसण्यापेक्षा वाईट.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या व्यवसायातलं एकच काम निवडा. ज्यात पैसे अडकतात ते निवडलंत तर उत्तम.
२. १५ चौकटींच्या आत "आत्ता" चार्ट काढा. जास्त झाल्या तर कामाचे दोन भाग करा.
३. फेरी १: प्रत्येक चौकट हलवून बघा आणि प्रत्येक "नाही" बाण शोधा.
४. फेरी २: तीन खऱ्या ऑर्डरी नाण्याने चालवा. नाणं अडकलं तिथे लाल गोल करा.
५. फेरी ३: एका सहकाऱ्याला चार्ट वाचू द्या. तुम्ही दहा मिनिटं फक्त ऐका आणि लिहा.

तिसऱ्या फेरीत काहीच दुरुस्ती निघाली नाही, तर चार्ट परिपूर्ण आहे असं समजू नका. समोरचा माणूस संकोचलाय असं समजा आणि चहा घेऊन पुन्हा विचारा.

पुढच्या भागात याच चार्टवरून नवीन माणसाला पहिल्या दिवशी काम कसं शिकवायचं ते बघूया. तोवर नाणं सरकवत राहा!