जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका

अकरावीचे विषय ठरवताना अनेक घरांत एक निर्णय फारसा विचार न करता होऊन जातो. डॉक्टर व्हायचे आहे, ‘नीट’ला गणित नसते, मग ते ओझे कशाला, असे म्हणून पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ग्रुप घेतला जातो. पुढे ‘नीट’मध्ये हवे तेवढे गुण पडले नाहीत, की बायोटेक्नॉलॉजी, जिनॉमिक्स हे शब्द पहिल्यांदा घरात येतात. या क्षेत्राकडे हुकलेल्या मेडिकलची भरपाई म्हणून पाहू नये आणि तिकडे जाण्याची थोडी जरी शक्यता असली, तरी अकरावीत गणित सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या जीवशास्त्रासाठी आपण गणित सोडतो, त्याचेच काम आता गणितावाचून अडते.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल आजार घ्या. हिमोग्लोबिनच्या जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरांच्या जागी ‘जीटीजी’ येते. फरक एका अक्षराचा. पण त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते, ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. डीएनएमधली, म्हणजे संपूर्ण जिनोममधली, सगळी अक्षरे वाचणे हे जिनॉमिक्सचे काम. पेशीत प्रत्यक्ष कोणती प्रथिने, किती आणि कोणत्या रूपात आहेत हे शोधणे प्रोटिओमिक्सचे. या ज्ञानातून उपचारही घडतात. जनुकसंपादनावर आधारलेल्या सिकलसेलच्या पहिल्या उपचाराला 2023च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

यात गणित कुठे आले? मानवी जिनोमची सुमारे तीन अब्ज अक्षरे वाचण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रकल्प 1990 ते 2003 असा तेरा वर्षे चालला. आज ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जिनोमची माहिती फरिदाबादच्या केंद्रात संशोधकांसाठी ठेवलेली आहे. वाचन यंत्रे करतात. कस लागतो तो अर्थ लावताना. यंत्रातून येणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षराला एक गुणवत्ता-अंक जोडलेला असतो. अंक 20 असेल तर ते अक्षर चुकीचे असण्याची शक्यता शंभरात एक, 30 असेल तर हजारात एक, 40 असेल तर दहा हजारांत एक. अकरावीत कंटाळवाणे वाटणारे लॉगॅरिदम ते हेच. रुग्णाच्या अहवालात दिसलेला बदल खरा की यंत्राची चूक, हे ठरवताना अशाच हिशेबाचा आधार घ्यावा लागतो. प्रोटिओमिक्समध्ये ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रथिनांचे तुकडे करतात, मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचे वस्तुमान मोजतात आणि ते आकडे जनुकांवरून काढलेल्या अपेक्षित आकड्यांशी ताडून पाहतात. प्रथिनांसारखे मोठे रेणू असे मोजण्याच्या पद्धतीसाठी 2002 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्यांपैकी कोइची तानाका यांची पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची होती.

पालकांची पहिली शंका नोकरीची असते आणि ती रास्त आहे. नुसत्या बीएस्सी बायोटेकवर चांगली नोकरी मिळणे अवघड असते, हे आधीच समजून घ्यावे. इथे एमएस्सी आणि बहुतेक वेळा पीएचडीपर्यंतची तयारी ठेवावी लागते. मात्र ती सगळी वर्षे घरच्या पैशांवर काढावी लागत नाहीत. राष्ट्रीय पातळीवरची जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास 2023च्या दरांनुसार महिन्याला 37,000 आणि पुढे एसआरएफ या वरच्या टप्प्यावर 42,000 रुपये मिळतात. पुण्यात आयसर, एनसीसीएस, एनसीएल, मुंबईत आयआयटी, खारघरला अॅक्ट्रेक अशा संस्था महाराष्ट्रातच आहेत. भारतात विकसित झालेल्या आणि 2023 साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी कर्करोग उपचारामागे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचे संशोधन आहे. ‘आयसर’च्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात. गणित सोडलेला विद्यार्थी तिथे पाव पेपर गमावूनच बसतो.

दुसरी शंका एआयची. प्रथिनाचा त्रिमितीय आकार वर्तवणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ या एआय प्रणालीच्या निर्मात्यांना 2024च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, मग माणसाला काम काय उरले? संगणकाने सांगितलेला आकार पेशीत तसाच आहे का, औषध तिथे बसते का, हे प्रयोग करूनच पाहावे लागते. मायक्रोपिपेटने दोन मायक्रोलिटरचा थेंब अचूक टाकणारा हात आणि त्यातून आलेले आकडे तपासणारी नजर, दोन्ही एकाच माणसाजवळ असतील तर त्याची गरज वाढतेच.

तिसरी अडचण खरी आहे: ‘नीट’च्या तयारीत चौथा विषय जड जातो. ज्याला डॉक्टरच व्हायचे आहे आणि गणिताने ज्याची झोप उडते, त्याच्यावर सक्ती करू नये. ज्यांनी गणित आधीच सोडले आहे, त्यांनीही बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्र आणि पायथॉन शिकावे. उशीर होतो, पण वाट बंद होत नाही. मात्र ज्याचे अजून ठरलेले नाही, त्याने केवळ ‘नीट’ला लागत नाही म्हणून गणितावर काट मारू नये. गणित असूनही बारावीनंतर मेडिकलला जाता येते. गणित सोडून संशोधनाकडे वळणाऱ्याला मात्र तोच अभ्यास पुढे एकट्याने, जास्त कष्टाने भरून काढावा लागतो.