रविवारचा संवाद : पुणे आकाशवाणीचा श्रोतृमंडळांचा प्रयोग

१९५६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पुणे आकाशवाणी केंद्रावरून दर रविवारी व गुरुवारी सायंकाळी साडेसहा वाजता अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम सुरू झाला. वरकरणी पाहता त्यात नवे असे फारसे काही नव्हते. शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार, गावचा कारभार या विषयांवरील कार्यक्रम ग्रामीण श्रोत्यांना अपरिचित नव्हते. नवे होते ते कार्यक्रम संपल्यानंतरचे. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत रेडिओ बंद केल्यानंतर सुमारे वीस-वीस माणसे उठून घरी न जाता तेथेच बसत आणि नुकत्याच ऐकलेल्या गोष्टींविषयी आपापसांत बोलू लागत. ‘ग्रामीण श्रोतृमंडळ’ या नावाने पुढे देशभर गेलेल्या योजनेचा हा प्रारंभ होय.

देशाच्या प्रश्नांवर आकाशवाणीने बोलावे, ही कल्पना तोवर चांगली रुजली होती. १९५५ साली सरदार पटेल स्मृती व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचे पहिले वक्ते चक्रवर्ती राजगोपालाचारी होते. अशा व्याख्यानांची योग्यता वादातीत आहे. परंतु व्याख्यान हे एकाने बोलावयाचे आणि असंख्यांनी ऐकावयाचे असते. संभाषणाची जात निराळी. दोन माणसे बोलू लागली, त्यांतील एकाने शंका काढली आणि दुसऱ्याने ती मान्य केली किंवा खोडून काढली, की ऐकणाऱ्याच्या मनातही एक तिसरे मत उभे राहते. मराठी श्रोत्याला ही गोडी विशेष आहे. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी ही मंडळी घराघरांत आप्तांसारखी ओळखली जात, याचे कारण ती उपदेश करीत नसत. एकमेकांशी बोलत असत. तथापि श्रोत्याच्या मनात उभे राहिलेले ते तिसरे मत रेडिओपर्यंत कसे पोहोचावयाचे, हा प्रश्न राहतोच. पुण्याच्या प्रयोगाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला.

कॅनडाचा धडा

या प्रयोगाचे मूळ कॅनडात सापडते. विस्तीर्ण प्रदेश, विरळ वस्ती आणि हिवाळ्यात महिनोन्महिने बर्फाने अडलेले रस्ते, अशा परिस्थितीत तेथील शेतकरी कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी १९४१ साली ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’ सुरू झाला. कॅनडाचे नभोवाणी महामंडळ, प्रौढ शिक्षण संघटना आणि शेतकरी संघटना या तिघांनी तो मिळून चालविला. शेजारची कुटुंबे कोणा एकाच्या घरी जमत, आधी पाठविलेले टिपण वाचीत, कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले निष्कर्ष कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे चतुःसूत्री ब्रीद होते. याच धर्तीवर १९४३ साली ‘सिटिझन्स फोरम’ निघाला व त्यात राष्ट्रीय आणि चालू घडामोडींवरील प्रश्न श्रोत्यांच्या गटांपुढे ठेवले जाऊ लागले. युनेस्कोने या कार्याचा अभ्यास केला आणि ही पद्धती नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत उपयोगी पडेल काय, हे पाहण्यासाठी भारताची निवड झाली.

कॅनडातील शेतकरी साक्षर होता; त्याच्या घरी रेडिओ होता आणि टिपण वाचून तो बैठकीस येत असे. भारतातील खेड्यात १९५६ साली यांपैकी काहीही गृहीत धरता येत नव्हते. म्हणून चार सूत्रांतील पहिले, वाचनाचे सूत्र बाजूला ठेवावे लागले. उरलेल्या तिहींवर सगळा भार पडला.

दहा आठवडे, वीस कार्यक्रम

पुणे केंद्र त्या वेळी अगदी तरुण होते. २ ऑक्टोबर १९५३ रोजी ते सुरू झाले होते. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा (आजचा सातारा) आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे प्रयोगासाठी घेण्यात आले. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे सनदी अधिकारी तर होतेच, शिवाय ‘कोणार्क’सारखे नाटक लिहिणारे हिंदीतील नामवंत नाटककारही होते. संवादाचे सामर्थ्य ज्याला लेखक म्हणून ठाऊक आहे असा माणूस या योजनेच्या पाठीशी होता, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

काळही साधा नव्हता. राज्य पुनर्रचनेच्या प्रश्नावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाला होता. प्रयोग चालू असतानाच, १ एप्रिल रोजी, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. समूह विकास कार्यक्रमाला अवघी साडेतीन वर्षे झाली होती. ‘योजना’ हा शब्द गावोगाव पोहोचला होता, पण योजना म्हणजे वरून येणारी वस्तू, हा समजही त्याच्याबरोबर पोहोचला होता.

प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. अध्यक्ष हा मानाचा पुरुष. सारी कसोटी निमंत्रकाची. वेळेवर रेडिओ लावणे, माणसे जमविणे, प्रसारण संपताच चर्चेला तोंड फोडणे, ती भरकटू लागली की वळणावर आणणे आणि शेवटी काय ठरले, कोणते प्रश्न उरले याचा वृत्तान्त लिहून पुण्याला पाठविणे, ही त्याची कामे होती. पत्र पाठविण्याचे हे काम दिसावयास कारकुनी दिसते, पण साऱ्या योजनेचा प्राण तेथेच होता. मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांना पुढील प्रसारणांतून उत्तरे दिली जात. आपल्या गावाचा प्रश्न रेडिओवरून बोलला जात आहे, हे ऐकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने रेडिओ ही सरकारची वस्तू राहत नाही. ज्याच्याशी बोलता येते आणि जो उत्तर देतो, असा तो कोणीतरी होतो.

प्रसारणानंतरची चर्चा साधारणपणे अर्धा तास चालावी, अशी अपेक्षा होती. पुष्कळदा ती त्याहून लांबत असे. यात नवल नाही. पारावर, चावडीत, देवळाच्या ओट्यावर बसून बोलण्याची सवय आपल्या गावांना जुनीच आहे. परंतु त्या बोलण्यात कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे, हे जात, वय आणि जमीन यांनी आधीच ठरवून दिलेले असते. श्रोतृमंडळाच्या बैठकीत विषय बाहेरून आलेला असे व तो सर्वांनी एकाच वेळी, एकाच शब्दांत ऐकलेला असे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडेही त्या अर्ध्या तासापुरती इतरांइतकीच माहिती असे. वडीलधाऱ्यांच्या समोर तोंड उघडण्यास एवढा आधारही पुष्कळ असतो.

नुसता रेडिओ पुरेसा आहे काय?

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे मूल्यमापन काटेकोरपणे करण्यात आले. ते काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व त्याची धुरा तेथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी वाहिली. मंडळे असलेल्या गावांपैकी वीस गावे निवडण्यात आली आणि त्यांच्या तुलनेसाठी मंडळ नसलेली आणखी वीस गावे घेण्यात आली. या दुसऱ्या वीस गावांतील निम्म्या गावांत रेडिओ होता, निम्म्यांत नव्हता. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर ग्रामस्थांना तेच प्रश्न विचारून त्यांच्या माहितीत किती भर पडली, हे पाहिले गेले.

मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसून आली. रेडिओ नसलेल्या गावांत ती नगण्य होती, हेही अपेक्षितच. परंतु ज्या गावांत रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, तेथेही वाढ अल्पच आढळली. प्रसारण तेच, भाषा तीच आणि ऐकणारेही त्याच मातीतले शेतकरी. फरक एवढाच की, एका ठिकाणी ऐकल्यानंतर बोलणे झाले आणि दुसऱ्या ठिकाणी झाले नाही. गावाला रेडिओ संच दिला की प्रबोधन झाले, असे मानणाऱ्या प्रशासनाला या निष्कर्षाने विचार करावयास लावले असले पाहिजे. आज संचाच्या जागी पडदा आला आहे. समजूत मात्र तीच आहे.

माथुर आणि न्यूरथ यांचा या प्रयोगावरील अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. चर्चा हवेत विरून गेल्या नाहीत, असे त्यावरून दिसते. मंडळांच्या निर्णयांतून विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू व लेगहॉर्न कोंबड्या विकत घेतल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या. ज्ञानवाढीसाठी काढलेली मंडळे थोड्याच अवधीत निर्णय घेणारी मंडळे बनू लागली; पंचायत आणि ग्रामसभा यांच्या मधली एक जागा त्यांनी अनेक गावांत घेतली.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने ही बाब अधिक विचार करण्यासारखी आहे. निवडून न आलेली वीस माणसे गावाच्या वतीने ठरवू लागली, तर निवडून आलेल्यांनी काय करावे? जेथे सरपंच किंवा पंच स्वतः मंडळात बसत, तेथे चर्चेतून निघालेला निर्णय पंचायतीच्या दप्तरात जाण्यास अडचण पडण्याचे कारण नव्हते. जेथे दोहोंचा संबंध नसे, तेथे स्पर्धेला वाव होता. या प्रश्नाचे नीट उत्तर कधीच शोधले गेले नाही.

कोण बसले नव्हते

सायंकाळी साडेसहाची वेळ रानातून परतलेल्या पुरुषासाठी सोयीची खरी. पण तीच वेळ चूल पेटण्याची, धारा काढण्याची आणि लेकरांना जेवू घालण्याची. बालवाडी आणि आरोग्य या विषयांवरील चर्चेत ज्यांना सर्वांत अधिक सांगण्यासारखे होते, त्या स्त्रियांसाठी ही वेळच दार बंद करणारी होती. कॅनडात कुटुंबे एकत्र बसत. येथे पुरुष बसले. दोष केवळ वेळापत्रकाचा नव्हे, परंतु ज्या गोष्टी वेळापत्रक बदलून सुधारता आल्या असत्या, त्यांत ही एक होती.

१७ नोव्हेंबर १९५९ रोजी ही योजना देशपातळीवर सुरू झाली. त्याआधी दीडच महिना, २ ऑक्टोबर रोजी, राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचा शुभारंभ झाला होता. गावाला अधिकार देणारी व्यवस्था आणि गावाला बोलते करणारी योजना अशी पाठोपाठ आली. काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांवर गेली. १९६४ मध्ये आफ्रिकेतील घाना या देशानेही हाच मार्ग चोखाळून पाहिला.

संख्या वाढत गेली, तसा मंडळांचा कस मात्र उतरत गेला. पुण्याच्या प्रयोगात दीडशे मंडळांची पत्रे वाचावयाची होती. हजारो मंडळांची पत्रे वाचून त्यांना वेळेवर उत्तरे देणे हे निराळे काम होते आणि त्यासाठी लागणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. उत्तर आले नाही की पुढचे पत्र जात नाही. बिघडलेला संच दुरुस्त होईपर्यंत बैठक थांबे आणि थांबलेली बैठक पुन्हा भरणे कठीण. शिवाय ट्रान्झिस्टर आला. पूर्वी रेडिओ ऐकावयाचा तर चार माणसांत जावे लागे; आता तो औताबरोबर बांधावर जाऊ लागला. ऐकणाऱ्यांची संख्या वाढली, एकत्र ऐकणाऱ्यांची घटली. पुढील दशकांत मंडळे हळूहळू क्षीण झाली.

या कहाणीचा एक धागा मात्र सातारा जिल्ह्यातच पुन्हा हाती येतो. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून देशातील पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. त्यानंतर २००८ साली माण तालुक्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र निघाले. दुष्काळी मुलखातील स्त्रियांच्या संस्थेने ते उभारले. तेथे माणदेशची बोली बोलली जाते आणि बोलणाऱ्यांत गावातल्या बायाही असतात. १९५६ साली उत्तर साताऱ्यातील मंडळांत जे आवाज क्वचितच पोहोचू शकले असते, ते आता ध्वनिक्षेपकासमोर आहेत.

शाळा, वाचनालय किंवा पंचायतीचे सभागृह यांपैकी काहीही आज बहुतेक गावांत उपलब्ध आहे आणि कार्यक्रम ऐकण्यासाठी विशिष्ट वेळी जमण्याचे बंधनही उरलेले नाही, कारण ध्वनिमुद्रण हवे तेव्हा लावता येते. स्त्रियांना सोयीची दुपारची वेळ त्यामुळे सहज निवडता येईल. अर्धा तास ऐकावयाचे, मग संच बंद करावयाचा. निमंत्रक म्हणून एखाद्या शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने वही घेऊन बसावे. वहीत नोंदलेल्या प्रश्नांपैकी जे गावात सुटण्यासारखे असतील ते ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर जावेत, उरलेले तालुक्याला लेखी कळवावेत आणि तालुक्याकडून आलेले उत्तर पुढच्या बैठकीत, कार्यक्रम लावण्यापूर्वी, मोठ्याने वाचून दाखवावे.