देणगी की घडण?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, छान लिहिते, पत्रकार व्हायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, लेखणी उपजतच असावी लागते, शिकून काय होणार?
– एक पालक, कर्जत (जि. अहिल्यानगर)

उत्तर : १८४२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८५५ मध्ये मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. त्यातली धग तिची स्वतःची होती. पण जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत अक्षर गिरवायला मिळालं नसतं, तर ती धग कागदावर उतरली नसती. त्या काळी तिच्यासारख्या किती मुली शाळेबाहेरच राहिल्या! त्यांच्यात गुण नव्हता असं कोण म्हणेल?

यावर अण्णाभाऊ साठ्यांचं नाव पुढे येईल : शाळा जवळजवळ नाहीच, तरी ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली. खरं आहे, पण शाळा नव्हती म्हणजे शिक्षण नव्हतं असं नाही. तमाशाचा फड, कामगार चळवळ आणि १९४४ पासूनचं लाल बावटा कलापथक हीच त्यांची तालीम. समोरचा श्रोता कुठे रंगतो, कुठे चुळबुळतो, हे तिथे रोज कळे. शिवाय पत्रकाराला नुसती शैली पुरत नाही. सातबारा वाचणं, ग्रामसभेचा ठराव तपासणं, दुसरी बाजू विचारणं हे कुणी जन्मतः शिकून येत नाही.

अर्थात प्रमाणपत्राने कुतूहल येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अभ्यासक्रम निवडताना प्रत्यक्ष बातमीदारी आणि कठोर संपादन किती, ते पाहा. तोवर मुलीने रोज वाचावं, आठवड्याला गावातली एक बातमी लिहावी आणि ती पुन्हा लिहावी.