हातभर तार

इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला घाट डोळ्यांआधी कानांना दिसतो. कसाऱ्याहून मागे बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावून १:३७ ची चढण चढणारी गाडी अजून बोगद्यात असतानाच आम्ही पोरं तिची जात सांगायचो. पुढे नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आलो, तेव्हा बेकर्सफिल्डच्या पूर्वेला टेहाचपीचा घाट आहे म्हटल्यावर पहिल्याच शनिवारी गाडी काढली. तिथे १८७६ साली बांधलेलं एक वेटोळं आहे. लांबलचक मालगाडी तिथे स्वतःच्याच शेपटावरून पूल ओलांडते आणि वेटोळं पुरं होईपर्यंत रूळ ७७ फूट वर गेलेले असतात.

मालगाड्यांना वेळापत्रक नसतं. त्यामुळे ताटकळायचं नसेल तर रेडिओ ऐकायचा. चालक आणि नियंत्रक यांचं बोलणं १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. ते ऐकायला मी हातात मावणारा स्कॅनर घेतला. घराच्या गॅलरीत तो छान बोलायचा, गाडीत बसलं की मुका.

कारण साधं होतं. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. लहरी आत येतात त्या काचांतून, आणि ऊन अडवायला काचेवर धातूचा पातळ थर दिलेला असेल तर तोही रस्ता बंद. म्हणजे अँटेना डब्याच्या बाहेर काढायला हवी होती. मी मात्र निष्कर्ष काढला की अँटेना लहान पडतेय.

मग सगळ्यांत लांब, सगळ्यांत महाग, ‘सर्व पट्ट्यांसाठी, जादा गेन’ असं खोक्यावर छापलेली चुंबकी बैठकीची अँटेना घेतली. शहरातून निघालो तर रेल्वेच्या चॅनलवर एफएमची गाणी आणि त्यावर कसलीशी किरकिर! स्कॅनर बिघडला समजून मी तो बदलूनही आणला. दुसऱ्यावरही तेच. शेवटी वेटोळ्यासमोरच्या रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेल्या एका पांढऱ्या दाढीवाल्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, माझा संच हातात घेतला, एटीटी नावाचं एक बटण दाबलं आणि परत दिला. गाणी गेली, नियंत्रक आला.

हातातला स्कॅनर बोटभर रबरी अँटेनेसाठीच घडवलेला असतो. आत गाळण फारशी नसते. टपावरून मोठी अँटेना जोडली की दूरच्या बारीक आवाजाबरोबर जवळच्या एफएम मनोऱ्यांचा लोंढाही आत घुसतो, संच गुदमरतो आणि नसलेले आवाज स्वतःच तयार करू लागतो. ते बटण येणारं सगळंच कमी करतं. शहरात रोज फिरणार असाल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी छोटी गाळणी मधे लावा. माझ्या त्या लांबड्या अँटेनेच्या किमतीपुढे ती फुकटच म्हणायची.

आता लांबीचं. ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, की पाव तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते. १६१ साठी येतात साधारण ४७ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या जुन्या मापातला एक हात! विमानांचं बोलणं ऐकायचं तर १२५ मेगाहर्ट्झला ६० सेंटिमीटर, ८५० च्या पट्टीला जेमतेम ९. ऐकण्यापुरतं एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर काही अडत नाही. याच हातभर तारेचा आणखी एक फायदा मला उशिरा उमगला. पाव तरंगाची तार तिप्पट वारंवारितेलाही बऱ्यापैकी पकडते. अमेरिकेत मालगाडीच्या शेवटच्या डब्याला ब्रेकचा दाब कळवणारी एक पेटी असते आणि ती ४५७.९३७५ मेगाहर्ट्झवर टिर्र टिर्र करते. एकाच तारेत दोन्ही.

जादा गेनचा मोह मात्र डोंगरात सोडा. गेन म्हणजे फुकटची ताकद नव्हे. वर पसरणारी पकड दाबून ती क्षितिजाकडे चपटी केलेली असते. सपाट मैदानात ते उत्तम. घाटात बोलणारा तुमच्या डोक्यावरच्या कड्यावर असतो, तिथे साधी पाव तरंगाची तारच बरी.

जागेबाबतही मी शहाणपणा केलाच. केबल दडवायला सोपी म्हणून अँटेना डिकीच्या कडेला चिकटवली. एका बाजूच्या गाड्या खणखणीत, दुसऱ्या बाजूच्या गायब. पाव तरंगाच्या तारेला खालचा पत्रा हा अर्धा भाग असतो. तो चारही बाजूंना सारखा मिळतो टपाच्या मधोमध. बैठक ठेवण्याआधी टप पुसून घ्या. चुंबकाखाली अडकलेली रेती रंग कशी ओरबाडते याचा गोल नमुना माझ्या टपावर आहे. काचेचा किंवा ॲल्युमिनियमचा टप असेल तर चुंबक धरणारच नाही, तेव्हा खरेदीआधी घरातला एखादा चुंबक लावून बघा.

केबल दारातून सहज आत येते म्हणून फार बारीक घेऊ नका. चार मीटर बारीक केबलमध्ये ८५० मेगाहर्ट्झला निम्म्याहून अधिक सिग्नल वाटेतच संपतो. १६० ला तेवढं जाणवत नाही. आणि जाडजूड अडॅप्टर थेट संचाच्या डोक्यावर बसवू नका. एका खड्ड्यात माझ्या संचाचं सॉकेट मुळापासून हललं. मधे वीतभर मऊ केबलचा तुकडा असता तर वाचलं असतं. संच सिगारेट लायटरच्या चार्जरवर चालवताना खरखर वाढली, तर आधी चार्जर उपटून बघा. मी दोन महिने अँटेनेला शिव्या देत होतो.

कायद्याचं थोडक्यात. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना यांसारख्या काही राज्यांत गाडीत पोलिसांचा पट्टा ऐकणारा स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा राज्याची हद्द ओलांडण्याआधी वाचून घ्या. भारतात परवान्याशिवाय असा संच ठेवता येत नाही. म्हणून इगतपुरीला जाताना माझा इथेच कपाटात राहतो.

आणि हो, बहुमजली पार्किंगमध्ये शिरताना तार काढा. त्या महागड्या अँटेनेचा शेवट तिथेच झाला.

गेल्या महिन्यात वेटोळ्यापाशी थांबलो होतो. टपावर हातभर तार. संचात टिर्र वाजलं, गाडी बोगद्यात शिरताच थांबलं, पुन्हा वाजलं. चार इंजिनं पुढे, दोन मधे. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते रेल्वेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. सगळी गाडी जाईपर्यंत ते गप्प बघत होते. शेवटचा डबा पुलावरून गेला, त्यावरची ती लुकलुकणारी पेटी मी त्यांना दाखवली.

“ते ठीक रे,” बाबा म्हणाले, “पण मागे बँकर कुठंय?”