गावात टपाल-नोंदणी केंद्र उघडावे काय? : व्यवहार्यतेचा अभ्यास

वाळपई, खानापूर यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणांभोवतालच्या गावांतून काजू, कोकम, लोणची, पापड यांची पुडकी टपालाने बाहेरगावी जातात. ती पाठविण्यासाठी अर्धा दिवस मोडावा लागत असल्यास, गावातच एखादे केंद्र असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, गरज असणे आणि धंदा चालणे या दोन भिन्न गोष्टी होत. ठेव भरण्यापूर्वी व कर्ज काढण्यापूर्वी पुढील तपास करणे अगत्याचे आहे.

प्रथम केंद्राचे स्वरूप ध्यानी घ्यावे. टपाल खात्याच्या फ्रँचायझी योजनेत केंद्रचालकाने तिकिटे विकावयाची व टपाल स्वीकारावयाचे असते. वाटपाचे काम खात्याकडेच राहते. मिळकत दलालीची असते, पगाराची नव्हे. तसेच २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून जुन्या दरपत्रकावरून हिशेब करू नये. चालू दर व दलाली खात्याकडून लेखी घ्यावी.

दुसरी पायरी मागणी मोजण्याची. "केंद्र निघाल्यास याल काय?" असे विचारल्यास सर्वच होकार देतात. त्याऐवजी गेल्या महिन्याच्या पावत्या पाहाव्यात. शाळा, सहकारी संस्था, बचत गट व दुकानदार यांच्याकडे स्वतंत्र चौकशी करावी. राखीपौर्णिमेच्या गर्दीवरून वर्षाचा अंदाज बांधू नये. जवळच्या टपाल कचेरीचे अंतर, तेथील थैली बंद होण्याची वेळ आणि खाजगी कुरियरचे दर यांचीही नोंद करावी.

तिसरी पायरी हिशेबाची. उदाहरणादाखल समजा, दलाली व बांधणावळ मिळून, सामानाचा खर्च वजा जाता, प्रत्येक नगामागे १० रुपये उरतात. रोज १२ नग येतात आणि महिन्यात कामाचे दिवस २५ आहेत. मिळकत ३,००० रुपये होईल. भाडे २,०००, वीज व दूरध्वनी ६०० आणि टपाल पोहोचविण्याचा खर्च ९०० धरल्यास एकूण खर्च ३,५०० रुपये. म्हणजे दरमहा ५०० रुपयांचा तोटा. तोटा टाळण्यास रोज १४ नग लागतील. स्वतःच्या श्रमाचे ४,००० रुपये धरल्यास हाच आकडा ३० वर जाईल.

आता तेच केंद्र चालू किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात ठेवल्यास भाडे वाचते. खर्च १,५०० रुपयांवर येतो, रोज ६ नगांत भागते आणि १२ नगांवर १,५०० रुपये श्रमापोटी उरतात. गाव तेच, मागणीही तीच. मांडणी मात्र निराळी.

यावरून स्पष्ट होईल की, स्वतंत्र गाळा घेण्याची घाई लहान गावास परवडणारी नाही. शिक्षकांनी हा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष आकडे गोळा करून सोडवून घ्यावा. हिशेब तोट्याचा निघाल्यास निराश होऊ नये. वहीत दिसलेला तोटा घरची पुंजी वाचवितो.