सोवेटोच्या मुलांचा मोर्चा

दक्षिण आफ्रिका देशात काळे लोक खूप आणि गोरे थोडे. पण राज्य गोऱ्यांचं होतं. १९४८ पासून त्यांनी वर्णभेदाचे कायदे वाढवत नेले. वस्ती वेगळी, दवाखाना वेगळा, बसायचा बाकसुद्धा वेगळा! काळ्या माणसाला खिशात पास ठेवावा लागे. नसला तर पोलीस धरून नेत.

शाळापण वेगळ्या होत्या. गोऱ्या मुलांना पुस्तके फुकट. काळ्या मुलांच्या आईबापांना मात्र पैसे भरावे लागत. आणि पैसे तर त्यांच्याकडेच कमी होते!

मग सरकारने हुकूम काढला, की गणित, इतिहास-भूगोल आफ्रिकान्स भाषेतून शिकवा. ती राज्य करणाऱ्या गोऱ्यांची भाषा. मुलांना ती नीट येत नव्हती, पुष्कळ गुरुजींनापण येत नव्हती. मग गणित कसं कळणार?

१६ जून १९७६ रोजी (आपली शाळा उघडते त्याच सुमारास) जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत हजारो मुले गणवेशातच मोर्चाने निघाली. हातात फलक होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा मुलगा मेला. तो १२ वर्षांचा, म्हणजे सातवीतल्या मुलाएवढा. एका मोठ्या मुलाने त्याला उचलून पळत नेले. बाजूला त्याची बहीण रडत धावत होती. तो फोटो जगभर छापून आला. त्या दिवशी आणि नंतरही खूप मुले मेली.

पुढच्याच महिन्यात सरकारने हुकूम मागे घेतला. वर्णभेद मात्र लगेच गेला नाही. नेल्सन मंडेला २७ वर्षे तुरुंगात होते, ते १९९० साली सुटले. १९९४ साली काळ्या लोकांना पहिल्यांदा सर्वांबरोबर मत देता आले आणि मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. आता १६ जूनला तिथं सगळ्या देशाला सुट्टी असते.

– इयत्ता ४ थी