दिसावयास जुळे, अर्थानें निराळे

आमच्या एका विद्यार्थ्यानें कांहीं वर्षांपूर्वीं एका कचेरीकडे शिष्यवृत्तीसाठीं इंग्रजींत अर्ज केला. वडील वारले असल्यामुळें साहाय्य मिळावें, एवढीच त्याची विनंति होती. उत्तर आलें तें असें कीं, वडिलांच्या आजाराविषयीं डॉक्टरांचा दाखला जोडावा. तें पत्र आईला वाचून दाखविण्याची पाळी त्या मुलावर आली. पुढें अर्जाची प्रत आमच्या हातीं आली, तेव्हां चूक तत्काळ कळली. त्यास 'डिसीस्ड', म्हणजे मृत, हा शब्द लिहावयाचा होता. लिहिला गेला 'डिझीझ्ड', म्हणजे रोगग्रस्त. आरंभींच्या डी या अक्षरानंतर ई व सी यांच्या जागीं आय व एस पडले. पुढचीं पांच अक्षरें दोहोंत तींच आहेत. अशा चुका मुलें एरवीं हसण्यावारी नेतात. त्या दिवशीं वर्गांत कोणी हसलें नाहीं.

केवळ इंग्रजीस दोष देणें मात्र न्याय्य नव्हे. आपल्याकडे दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोकें आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. परंतु मराठी मुलाच्या कानास हे शब्द लहानपणापासून परिचित असतात, म्हणून तो सहसा फसत नाहीं. इंग्रजी शब्द त्यास प्रथम डोळ्यांनीं भेटतो, अर्थानें मागाहून. आणि डोळा जुळ्या भावांस ओळखण्यांत फार कच्चा. यास्तव आम्ही वर्गांत सांगतों, कीं स्पेलिंग घोकण्याआधीं शब्दाचा मराठी अर्थ मोठ्यानें म्हणावा. इंग्रजींतील जुळे मराठींत क्वचितच जुळे राहतात. मृत आणि रोगी यांची गल्लत कोण करील? 'डिझीझ' या शब्दाची घडण तर आपल्या 'अस्वास्थ्य' शब्दासारखीच आहे: स्वस्थता नाहीं ती. 'डिसीस्ड'च्या मुळाशीं निघून जाणें हा अर्थ आहे. आपणही 'गेले' असेंच म्हणतों.

आतां कागलकरांच्या जिव्हाळ्याचें उदाहरण घेऊं. 26 जून 1874 रोजीं जन्मलेले, कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव 17 मार्च 1884 रोजीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू महाराज झाले. दरवर्षीं निबंधांत दोघे-तिघे तरी महाराजांस 'अॅडॉप्ट' करण्याऐवजीं 'अॅडॅप्ट' करतात. ओच्या ठिकाणीं ए. पहिल्या शब्दाच्या मुळाशीं निवडणें हा अर्थ आहे, कारण दत्तक पुत्र निवडून घेतला जातो. दुसऱ्याच्या मुळाशीं योग्य, जुळणारा हा अर्थ आहे. शिंपी कापड अंगास बेततो, तसें स्वतःस परिस्थितीस बेतून घेणें. महाराजांच्या चरित्रांत दोन्हीं क्रियापदांस जागा आहे. दहाव्या वर्षीं दत्तविधान झालें. पुढें राजकोटचें राजकुमार कॉलेज, मग धारवाड, अशा परक्या ठिकाणीं राहून शिकावें लागलें. आणि 2 एप्रिल 1894 रोजीं राज्याधिकार हातीं आले. दत्तक घेणें हें इतरांनीं केलें; जुळवून घेणें त्यांचें त्यांस करावें लागलें.

'प्रिन्सिपल' या शब्दाची गोष्ट आणखी बिकट आहे, कारण तो देवनागरींत लिहिला असतां फरकाचा मागमूसही राहत नाहीं. शेवटीं ए-एल असेल तर मुख्य, शेवटीं एल-ई असेल तर तत्त्व. पालकांस येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे: सावकाराच्या वहींतील मुद्दल आणि कॉलेजचे प्राचार्य या दोहोंचें स्पेलिंग एकच, कारण व्याजापुढें मुद्दल मुख्य आणि अध्यापकांत प्राचार्य मुख्य. लोकमान्य टिळकांनीं मतभेदामुळें 1890 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. 1892 सालीं, वामन शिवराम आपटे यांच्यामागून, आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दोघेही तत्त्वास घट्ट धरून राहणारे, म्हणजे एल-ई दोघांच्याही वांट्यास; ए-एल मात्र एकट्या आगरकरांच्या.

'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब' यांत चूक झाल्यास अर्थ उलटाच होतो. पहिल्यानें पुस्तक अभ्यासास लागतें, दुसऱ्यानें त्यावर बंदी येते. सावरकरांच्या 1857 च्या इतिहासावर इंग्रज सरकारनें 1909 सालीं जें केलें तें दुसरें. हा शब्द मुळांत रोमचा. इसवी सनापूर्वीं 82 मध्यें सुल्ला यानें आपल्या शत्रूंचीं नांवें लिहून चौकांत लावलीं. ज्याचें नांव लागलें, त्यास मारण्याची कोणासही मोकळीक होती. परीक्षेंत एखादा विद्यार्थी डॉक्टरांनीं औषध 'प्रोस्क्राइब' केलें असें लिहितो, तेव्हां आम्हांस त्या रोग्याची काळजी वाटते.

'इंडस्ट्रियल' म्हणजे औद्योगिक, जशी आमच्या शेजारची वसाहत. 'इंडस्ट्रियस' म्हणजे उद्योगी, जसा तेथें नोकरी मागणारा तरुण असावा. अर्जांत यांची अदलाबदल फार होते. 'लूज' म्हणजे सैल आणि 'लूझ' म्हणजे गमावणें यांस आम्हीं आतां हात टेकले आहेत.

शेवटीं 'स्टेशनरी'. शेवटच्या आरच्या आधीं ए असेल तर स्थिर, ई असेल तर कागद, शाई, लेखणी. पण हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. युरोपांत मध्ययुगीं बहुतेक विक्रेते गांवोगांव फिरत, जसे आपल्या आठवड्याच्या बाजारास येतात. विद्यापीठापाशीं एकाच जागीं ठाण मांडून पुस्तकें विकणाऱ्यास 'स्टेशनर' म्हणत, आणि त्याचा माल तो 'स्टेशनरी'. आमच्या ओळखीच्या एका वह्यांच्या दुकानावर इंग्रजी पाटी आहे. तींत ईऐवजीं ए आहे. मुलांनीं ती चूक आम्हांस मोठ्या उत्साहानें दाखविली. परंतु तें दुकान आम्ही विद्यार्थी होतों तेव्हांपासून त्याच जागीं आहे, म्हणून आम्हीं दुकानदारास कांहीं बोललों नाहीं.